बाबांच्या नंबरची सुरमई

आयुष्यात मी एकच मासा पकडला. नऊ किलोची सुरमई, फुजैराच्या समुद्रात, नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी. ऑफिसात अजून कधीतरी कोणी तो विषय काढतं, फोटो दाखव म्हणतं, तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. ती सुरमई माझी नव्हती. नंबर बाबांचा होता आणि तो मी त्यांच्याकडून हिसकावून घेतला. नवरा म्हणतो, "हिसकावून काय, काळजीपोटी केलंस." काळजीपोटी केलं हे खरं आहे. पण मी हिसकावला हेही खरंच आहे.

बाबा त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला आमच्याकडे दुबईत, मनखूलला आले, दोन महिन्यांच्या व्हिसावर. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मार्चमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. रत्नागिरीच्या घरात ते एकटे राहतात, स्वतःचा डबा स्वतः करतात, हे मला इथे बसून सहन होत नव्हतं. म्हणून मी त्यांना आणलं आणि आणल्याबरोबर माझा कारभार सुरू केला. मी एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दिवसभर तीस-चाळीस माणसांना काय करा आणि काय करू नका ते सांगत असते. घरी आल्यावर तो आवाज बदलायला मला वेळ लागतो, आणि कधीकधी तो बदलतच नाही.

बाबांनी वाळलेले कपडे काढायला घेतले की मी म्हणायची, "बाबा, बसा तुम्ही." खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दूध आणायला निघाले की, "बसा, दुकानवाला वर आणून देतो." पाण्याचा मोठा कॅन उचलायचा प्रश्नच नव्हता, "वजन आहे त्याला." एकदा ते नुसती कोथिंबीर निवडत होते, ती जुडीसुद्धा मी त्यांच्या हातातून घेतली. आमच्याकडे हे असंच चालतं. माहेरी पाहिलं, सासरीही पाहिलं. माणूस म्हातारा झाला की त्याच्या हातातलं एकेक काम काढून घ्यायचं आणि त्याला खुर्ची द्यायची. मग आलेल्या-गेलेल्यांना सांगायचं की आम्ही त्यांना काही करू देत नाही हो. हे सांगताना मला फार बरं वाटायचं.

आणि बाबा ऐकायचे. रत्नागिरीत हाच माणूस रिक्षावाल्यापासून नगरपालिकेच्या साहेबापर्यंत कोणाशीही भांडतो. पण इथे ते जावयाच्या घरी होते. त्यांच्या वडिलांनी लेकीच्या घरी कधी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बाबा तसले नव्हते, पण त्यातलं थोडं त्यांच्यातही उतरलं होतं. एसी कमी करायचा तरी ते माझ्या नवऱ्याला विचारायचे. "चालेल ना तुम्हाला?" नवरा बिचारा ओशाळायचा. मी बसा म्हटलं की ते बसायचे, हसायचे, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळायचं नाही. हे मला दिसत होतं. दिसूनही मला वाटायचं, आराम करतायत.

एका शुक्रवारी दुपारी ऑफिस लवकर सुटलं म्हणून मी त्यांना मासळी बाजारात घेऊन गेले. बर्फावर सुरमया ओळीने मांडल्या होत्या, काही तर माझ्या कमरेएवढ्या लांब. बाबा एकीपुढे उभे राहिले ते हलेचनात. विक्रेता म्हणाला, "अंकल, ताज़ा है, आज सुबह का." बाबांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इसवण." गावाकडे आम्ही सुरमईला इसवण म्हणतो. हा शब्द मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. देवगडच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव. शेजारच्या काकांची शिडाची होडी होती. दसरा झाला, समुद्र निवळला, की काका होडीच्या मागे लांब दोरी सोडायचे. टोकाला गळ आणि त्यावर पांढऱ्या कापडाची चिंधी. होडी चालत राहायची, चिंधी पाण्यात पळत राहायची, आणि इसवणीला वाटायचं लहान मासा पळतोय. बाबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. दोरी बोटाला एक वेढा घेऊन धरून बसणं हे त्यांचं काम. तास न् तास. दोन वर्षांत दोनदा इसवण लागली, आणि दोन्ही वेळा काकांनी दोरी त्यांच्या हातातून ओढून घेतली. "सोड, हात कापात तुझो." मग बाबा शिकायला रत्नागिरीला आले, सरकारी खात्यात नकाशे काढायला लागले, आणि होडी राहिली गावाला.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने विचारलं, "सो आजोबा, यू नेव्हर ॲक्च्युअली कॉट वन?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "धरली दोनदा. ओढली त्यांनी." आणि ते हसले. "एकदा ओढून बघायची होती एवढंच."

बाबांनी आमच्याकडे कधी काही मागितलं नाही. हेही मागितलं नव्हतं, पण मागण्याच्या याहून जवळ ते कधी येणार नव्हते. जेवण संपायच्या आत मी फोनवर बोट बुक केली. पुढचा शनिवार, फुजैरा, सकाळी सहा ते अकरा. इथेही नोव्हेंबरात उकाडा मोडला की सुरमई किनाऱ्याजवळ येते, आणि बोटी नेमकं तेच करतात. मागे दोऱ्या सोडून हळूहळू फिरत राहतात. "तीच पद्धत," मी बाबांना म्हटलं. "फक्त शीड नाही, इंजिन आहे." बाबा उठून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या डॉक्टरांना रत्नागिरीला फोन केला. ते म्हणाले, "जाऊ द्या की बोटीवर. फक्त पाच किलोच्या वर वजन उचलायला देऊ नका." तो पाच किलोचा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला.

शनिवारी पहाटे डोंगरातून गाडी जात होती तेव्हा बाबा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलगी म्हणाली, "आजोबा, फिशिंगला फॉर्मल्स?" तर म्हणाले, "पहिल्यांदा भेटायचं आहे तिला."

बोटीचा कॅप्टन केरळचा, तीस वर्षं याच पाण्यात असलेला. निघण्याआधी त्याने आम्हा चौघांना उभं करून नियम सांगितले. मागच्या बाजूला चार रॉड खाचांत उभे. आमिषं पाण्यात लांब सोडलेली. मासा लागला की रील किंचाळेल, बोट हळू होईल, आणि ज्याचा नंबर असेल त्यानेच रॉड घ्यायचा. "पहला नंबर किसका?" मी म्हटलं, "अंकलका." "बस. पहला मछली अंकल का. दूसरा कोई हाथ नहीं लगाएगा. लाइन टूटेगा, झगड़ा होगा. बोट का रूल है." मग दुसरा नंबर माझ्या नवऱ्याचा ठरला, तिसरा मुलीचा, चौथा माझा. कॅप्टनने बाबांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला. त्याला पुढे एक वाटीसारखी खाच होती. रॉडचा बुंधा त्यात टेकवायचा, म्हणजे पोटाला लागत नाही.

दोन तास काही झालं नाही. बोट एका चालीने चालत होती, मागे पाण्यावर चार रेघा. नवरा झोपला, मुलगी फोन बघत होती. बाबा मात्र मागेच उभे होते. मी तीनदा सांगितलं, बसा, तेव्हा शेवटी तिथल्याच बाकावर टेकले. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्यांनी रॉडपुढच्या दोरीवर दोन बोटं अलगद ठेवली होती. कॅप्टननेही पाहिलं. मला म्हणाला, "मॅडम, अंकल पुराना आदमी है." बाबांनी त्याला मोडक्या हिंदीत विचारलं की आमिष किती खोल जातंय, बोट किती वेगाने चाललीये, वळताना आतली दोरी सैल पडते का. तो उत्तरं देत होता. दोघं बरोबरीचे असल्यासारखे बोलत होते. आमच्या घरात आल्यापासून त्यांच्याशी कोणी असं बोललं नव्हतं.

मग रील किंचाळलं.

तो आवाज मला अपेक्षित नव्हता. मी एकदम घाबरले. कॅप्टनने इंजिनचा वेग उतरवला, बोट पुढे झुकून मागे आली, आणि बाबा एका झटक्यात उठले. "इली!" ते ओरडले. "इली गो, इली!" गावच्या बोलीत, फुटलेल्या आवाजात. चेहरा लाल झाला होता, तोंड उघडं, आणि एक हात छातीवर. आता मला वाटतं, तो हात ते खाली पट्ट्याकडे नेत होते. तेव्हा मला फक्त छाती दिसली. मी ओरडले, "बाबा, बसा!" एका हाताने त्यांचा खांदा दाबून त्यांना बाकावर बसवलं आणि दुसऱ्या हाताने रॉड खाचेतून उपसला.

"अंकल को, मॅडम!" कॅप्टन वरून ओरडत होता. "अंकल को दो!"

"हार्ट पेशंट है!" मी म्हटलं. बाबांसमोर. अख्ख्या बोटीसमोर.

पुढची दहा-बारा मिनिटं मी तो मासा ओढला. ओढला म्हणजे कॅप्टन सांगत होता तसं केलं. वर करा, खाली नेताना गुंडाळा, आता सोडा, आता धरा. पट्टा बाबांच्या कमरेला होता, म्हणून रॉडचा बुंधा माझ्या पोटात रुतत होता. माझं सगळं लक्ष मागे. दर अर्ध्या मिनिटाला मी मान वळवून बघत होते, बाबांचा श्वास कसा चाललाय, घाम आलाय का. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते बाकावर बसून पाण्याकडे बघत होते, आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले होते. पाण्यात चंदेरी काहीतरी उलटून चमकलं तेव्हा मला भान आलं. मी म्हटलं, "बाबा, या, घ्या आता, थोडंच राहिलंय. दमलीये ती." लहान मुलाला शेवटचा घास स्वतःच्या हाताने खाऊ देतात तसं म्हटलं.

"नको," बाबा म्हणाले. "तूच कर पुरं."

कॅप्टनने आकडी घालून ती वर घेतली. नऊ किलो. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे बघून थांबला. कॅप्टन आमिष बदलायला लागला. मी बाबांना म्हटलं, फोटोला धरा ना. ते उठले, जवळ आले, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, पण तिला उचलून धरलं नाही. म्हणाले, "वजन आहे तिला." ते माझंच वाक्य होतं, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता. टोमणा असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

नंतर तासाभराने एक लहान कुपा, म्हणजे ट्यूना, लागला. नंबर नवऱ्याचा होता. तो लगेच बाजूला झाला. "बाबा, तुम्ही घ्या. प्लीज."

"छे छे, नंबर तुमचा," बाबा म्हणाले. "रूल आहे." आणि त्यांनी कमरेचा पट्टा सोडून जावयाच्या हातात दिला. त्यानंतर अकरा वाजेपर्यंत काही लागलं नाही.

परतताना मुलगी मागून म्हणाली, "मम्मा, इट वॉज हिज टर्न." मी तिच्यावर खेकसले. तुला कळतं का काही, आजोबांना काही झालं असतं तर? बाबा लगेच म्हणाले, "अगं, ओरडू नको तिला. छान झाली सकाळ." सुरमई मागे बर्फाच्या पेटीत होती. आमच्याकडे शनिवार पाळतात, त्यामुळे ती घरी गेल्यावर एक दिवस फ्रीजमध्ये राहिली. रविवारी मी तुकड्या तळल्या, डोक्याचं तिखलं केलं. बाबा नेहमीसारखे जेवले. चव छान आहे म्हणाले. मला रडू येत होतं आणि मी वाढत राहिले. माफी मागायची ती वेळ होती. पण आमच्या घरात बापाची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. मी आणखी एक तुकडी वाढली.

डिसेंबरात ते परत गेले. एअरपोर्टवर मी म्हटलं, "पुढच्या नोव्हेंबरात परत जाऊ. मी बोटीवर येणारच नाही, तुम्ही आणि कॅप्टन." ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "बघू नाही, इन्शाल्ला म्हणा." ते हसले. "इन्शाल्ला." जानेवारीत ते तपासणीला गेले तेव्हा मी फोनवर डॉक्टरांना सगळं सांगितलं. खरं तर शाबासकीच्या अपेक्षेने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, बसून दहा मिनिटं दोरी ओढली असती तर काय होणार होतं? मी वजन उचलू नका म्हटलं होतं, जगू नका नव्हतं म्हटलं." विनोद करायची त्यांची पद्धत आहे. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

पुढच्या नोव्हेंबरात माझं प्रोजेक्ट हँडओव्हरला आलं होतं. बाबांनी सप्टेंबरातच व्हिसासाठी नवे फोटो काढून पाठवले होते, निळा शर्ट, केस कापलेले. मी त्यांना म्हटलं, "बाबा, जानेवारीत या ना, तेव्हा मी मोकळी असेन." सुरमई जानेवारीतही मिळते, मी विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "हो हो, तुझं काम आधी." डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. भावाने त्यांना पुण्याला नेलं. बोलणं हळूहळू बरंच सुधारलं, पायही थोडा चालायला लागला. उजव्या हाताची मूठ मात्र वळत नाही. व्यायाम देणारी बाई रोज त्यांच्या तळव्यात एक मऊ चेंडू ठेवते आणि तो घरंगळून खाली पडतो. मी रजा काढून दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा मी तो चेंडू उचलून त्यांच्या हातात परत ठेवत बसले होते.

परवा, या नोव्हेंबरात, त्यांच्याशी व्हिडिओवर बोलत होते. इकडची हवा कशी आहे विचारलं. मी म्हटलं, उकाडा मोडला, खिडक्या उघड्यात. ते म्हणाले, "म्हणजे इसवण आली असेल." मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बरे व्हा, आपण जाऊ." त्यांनी मान हलवली, नाही अशी. त्यात राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मला वाटलं पाणी हवंय. मी भावाला हाक मारणार होते.

"ती ओढत होती," ते म्हणाले, "तेव्हा हाताला कसं लागत होतं गं? सांग ना."

मी दिवसभर बोलणारी बाई. ती दहा-बारा मिनिटं मी आठवायला लागले. मला कॅप्टनचा आवाज आठवला. माझं दुखरं पोट आठवलं. बाकावर बसलेले बाबा आठवले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं, ते काही केल्या आठवेना.

"जोर होता, बाबा," मी म्हटलं. "खूप जोर होता."

ते हसले, मान थोडी पुढे आणली, आणि मी पुढचं सांगेन म्हणून वाट बघत राहिले.